किंजी म्हणजे सांबार

गोकुळपेठच्या बाजारात तोंडातून निघूनच गेलं,
"एक जुडी किंजी दे."
देवानंद तराजू धरून पाहत राहिला.
"काय म्हनता काकू? थे का राहते?"
मी बोट दाखवलं.
"सांबार म्हना न् मंग!"

सांबारच.
पुण्याच्या सुनेला सहा वर्षं झाली तरी पचत नाही
की आमच्याकडे सांबार इडलीसोबत येत नाही,
जुडीनं येतो, मुळांना माती लागलेला.
मनानाला मात्र एका झटक्यात कळलं होतं.
तिनं पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं : किंजी.
मी म्हटलं : सांबार.
तिनं दोनदा घोळवून पाहिलं,
शेवटी आपली एक ई जोडली, सांबारी,
आणि ठेवून घेतलं.

जॉर्जियाला आम्ही दोघी गेलो, मी आणि नणंद कुंदा.
टूरसोबत महाराज होता.
तिबिलिसीत त्यानं पिठलं केलं, डोंगरात मसालेभात.
तिसऱ्या दिवशी कुंदा म्हणाली,
वहिनी, पिठलंच खायचं होतं
तर पासपोर्ट कशाला काढला?
बाकीचे चर्चच्या पायऱ्या चढत होते.
आम्ही द्राक्षाच्या मांडवाखालून एका फाटकात शिरलो,
पाणी मागायला,
आणि जेवून निघालो.

मातीचं गाडगं. त्यात राजम्यासारखे दाणे, अर्धे मोडलेले,
लसूण, अक्रोड, वर कच्चा कांदा.
मक्याची जाड भाकर, तिच्यावर मनानाच्या बोटांचे ठसे.
गाडगं गारच होतं.
आम्हाला वाटलं, तशीच रीत असेल.

आता मे. सेहेचाळीस.
कूलरची हवा ओट्यापर्यंत येत नाही,
आलीच तर गॅस विझवते.
इतवारीत अक्रोडाचा भाव ऐकला
आणि निम्मी जवस भाजून घातली.
ते आंबट आलुबुखारे इथे कुठले,
अंबाडीची वाळकी फुलं होती डब्यात.
अमरावतीहून कुंदा फोनवर,
"अक्रोड नव्हतेच गं, शेंगदाणे होते. आणि पुदिना."
पुदिना नव्हता.
एका गाडग्यात जेवलो आम्ही,
आणि एवढ्यात दोन गाडगी झाली त्याची.

ह्यांनी एक घास घेतला.
"राजमाच त होय हा."
मग जरा थांबून, "तर्री नाही का?"
पोळीशी खाल्ला, वर ठेचा घेतला,
चांगला झाला म्हणाले.
तीस वर्षं झाली, सगळंच चांगलं होतं त्यांच्या ताटात.
मला कळत होतं, हा तो नव्हे.
मीठ जागेवर, लसूण जागेवर,
आणि घर दुसऱ्याच कोणाचं.

पहाटे चारला लाईन गेली.
उकाड्यानं उठले, फ्रिजमधलं गाडगं काढलं,
गच्चीवर नेलं.
अजनीकडून कुठली तरी मालगाडी लांबत चाललेली.
चमचा आणलाच नव्हता.
बोटानं घेतलं.
गार. दाणे एकमेकांत मुरलेले,
अंबाडी आता निवलेली,
सांबार काळा पडलेला.
तोच.

पाण्याच्या टाकीला टेकून बसून राहिले.
भर दुपारी दोन अनोळखी बाया फाटकात,
एक नऊवारीत, एक पंजाबीत,
त्यांच्यासाठी कोण चूल पेटवणार होतं?
तिनं कालचं दिलं होतं.

आमच्यात पाहुण्याला शिळं वाढत नाहीत.
शिळं आपण खातो, ओट्याशी उभं राहून.
फार तर लेक आली माहेरी
तर झाकण उचलून विचारतो,
कालचं आहे गं, खाशील का?

तिनंही झाकण उचललं होतं.
काहीतरी म्हणाली होती, प्रश्नासारखं,
आणि आम्ही दोघींनी
एक शब्द न कळता
मान हलवली होती, हो म्हणून.